पाणी अडलं तिथं मुक्काम

मार्गशीर्षातली अणदूरची यात्रा आटोपली की खंडोबाचा मुक्काम हलतो. अणदूर आणि नळदुर्ग ही तुळजापूर तालुक्यातली शेजारची गावं. देऊळ दोन्हीकडे आहे, देव मात्र एकच. म्हणून दोन्ही गावांत पूर्वापार करार चालत आला आहे: सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. दोन्हीकडचे मानकरी तो आजही पाळतात. पौष पौर्णिमेला मैलारपूरला मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्राबरोबर कर्नाटक, तेलंगणातले भाविकही बोरी नदीच्या खोऱ्यात उतरतात. बैलगाड्यांच्या जागी टेंपो आणि जीपगाड्या आल्या, पण उतरण्याची रीत फारशी बदललेली नाही. पाण्याजवळची सपाट जागा बघायची, पाल ठोकायचं, तीन दगडांची चूल मांडायची आणि भाकरी-भरिताचा नैवेद्य दाखवून रात्र उघड्यावर काढायची.

सुटी साधून तंबू आणि गळ घेऊन शांत पाणी शोधत निघणाऱ्या पुण्या-सोलापूरच्या, लातूरच्या किंवा हैदराबादच्या माणसानं ही रीत समजून घ्यावी. धाराशिव जिल्ह्यात पाण्याकाठचा मुक्काम ही नवी हौस नाही. या कोरड्या मुलखात रात्र कुठं काढायची, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याला पडला होता. तो यात्रेकरूला पडला, लमाणांच्या तांड्याला पडला, फौजेला पडला आणि मेंढ्या घेऊन हिंडणाऱ्या धनगराला तर रोज पडत होता. उत्तर प्रत्येकाला एकच मिळालं. पाणी जिथं अडलंय, तिथं.

मात्र हे पाणी आपोआप अडलेलं नाही. जिल्ह्याच्या अंगावरून बालाघाटाची रांग गेली आहे आणि तिच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन बाजूंना वाटला जातो. तेरणा आणि मांजरा आपलं पाणी गोदावरीला नेतात. सीना आणि बोरी ते भीमेला, म्हणजे पुढे कृष्णेला देतात. वरून येणारी मोठी नदी जिल्ह्याच्या वाट्याला आलेली नाही. इथल्या नद्या आपल्या सुरुवातीच्या टप्प्यातच आहेत, आणि सुरुवातीच्या नद्या होळीपर्यंत डबक्यांवर येतात. काळ्या खडकाच्या उतारावरून पाणी दोन दिवसांत पळून जातं. नैसर्गिक म्हणावं असं मोठं सरोवर जिल्ह्यात नाही. आज ज्याला कुणी निवांत काठ म्हणेल, असा जवळजवळ प्रत्येक काठ कुणीतरी माती-दगड रचून तयार केलेला आहे. म्हणून इथल्या निवांत जागांचा इतिहास सांगायचा म्हणजे पाणी अडवणाऱ्यांचा इतिहास सांगायचा.

त्यातली सगळ्यात जुनी नोंद परदेशी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासग्रंथात पैठण आणि ‘तगर’ या दोन बाजारपेठांचा उल्लेख येतो. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजे तेरणेकाठचं तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी ते पक्कं झालं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा मांडून ठेवल्या आहेत. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या भारतीय मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे.

दहा दिवसांची वाट म्हणजे वाटेत नऊ रात्री. बैल दिवसभर ओझं ओढणार, तर संध्याकाळी त्याला पाणी आणि चारा मिळायलाच हवा. पेरिप्लसच्या लेखकानं मुक्कामाची ठिकाणं लिहिलेली नाहीत, पण बैलाच्या चालीनं आणि डोहांच्या जागांनी ती ठरवून टाकली होती. पुढं तेर ही गोरा कुंभारांची पंढरी झाली. कापडाचे तांडे थांबले आणि दिंड्या येऊ लागल्या. नदीकाठी उतरण्याची सवय मात्र राहिली.

तेरच्या पाण्याची आणखी एक आठवण जैन वाङ्मयात जपलेली आहे. मुनी कनकामर यांनी अकराव्या शतकाच्या सुमारास अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ लिहिलं. हिरालाल जैन यांनी ते संपादून १९३४ मध्ये छापलं. राजा करकंड तेरापूरजवळ तळ देतो, तेव्हा त्याला डोंगरात एक लेणं दिसतं. जवळच एक हत्ती सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येतो आणि एका वारुळाची पूजा करतो. वारूळ खणल्यावर पार्श्वनाथाची मूर्ती निघते. लेण्यातल्या मूर्तीच्या आसनावरची एक गाठ फोडायला राजा सांगतो, तर आतून पाण्याचा असा लोट उसळतो की सारं लेणं भरून जातं. धाराशिव शहराजवळच्या डोंगरातल्या लेण्यांशी अभ्यासक ही कथा जोडतात. जेम्स बर्जेस यांनी या लेण्यांचं सविस्तर वर्णन १८७८ च्या आपल्या अहवालात केलं. ती मुळात बौद्ध की जैन, यावर विद्वानांचा वाद आहे. पण ओढ्याच्या घळीत, पाण्याला जवळ आणि गावाला दूर अशी जागा निवडणारे ते भिक्षू निवांतपणाचे पक्के जाणकार होते, यात वाद नाही. पावसाळ्यात एका जागी राहण्याचा वर्षावासाचा नियम त्यांना होता, आणि अशा घळीतच तो पाळता येत होता.

गळ टाकून मासा धरण्याची हौस इंग्रजांबरोबर इथं आली, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, आणि तो खोडून काढणारा पुरावा याच मुलखाच्या राजाच्या ग्रंथात आहे. कल्याणीचे चालुक्य ज्या नगरातून राज्य करत, ते आजचं बसवकल्याण उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीत लागतं. उमरग्याचं आणि भूम तालुक्यातल्या माणकेश्वरचं देखणं शिवालय पाहिलं की त्या काळाच्या ऐश्वर्याची कल्पना येते. या घराण्यातला तिसरा सोमेश्वर ११२६ ते ११३८ या काळात गादीवर होता. त्यानं ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्यकारभार, वास्तू, पाकक्रिया, संगीत, हत्ती, खेळ, सगळं त्यात आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी त्याचं संपादन केलं आणि पहिला खंड १९२५ मध्ये निघाला.

त्या ग्रंथातल्या विनोदांमध्ये, म्हणजे राजाच्या करमणुकींमध्ये, ‘मत्स्यविनोद’ हा स्वतंत्र अध्याय आहे. समुद्राचे मासे कोणते, नदीचे कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो, अशी नीट वर्गवारी राजा करतो. माशांना आधी खाऊ घालून एका जागी रुळवायचं, तिळाच्या पेंडीचे आणि भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचे गोळे टाकायचे, मांसाहारी माशांना मांसाचं आमिष लावायचं, असं तो सांगतो. दोर कशाचा वळावा, गळ कसा असावा, काठी कशी निवडावी, हेही येतं. प्रख्यात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायावर सविस्तर लिहून तो जगापुढं आणला. इंग्लंडात गळाच्या मासेमारीवरचं पहिलं पुस्तक छापलं गेलं १४९६ मध्ये. म्हणजे मत्स्यविनोद त्याच्या साडेतीन शतकांहून अधिक आधीचा. आजही धाराशिवच्या तळ्याकाठी एखादा म्हातारा गळाच्या टोकाला कणकेची गोळी दाबून बसवतो आणि पाण्यात मूठभर पेंड आधी भिरकावतो. ही युक्ती एका सम्राटानं नऊशे वर्षांपूर्वी संस्कृतात नोंदवून ठेवली होती, हे त्याला सांगितलं पाहिजे.

पाण्याचा आनंद घेण्यासाठी दगडात बांधलेली जागा पाहायची, तर नळदुर्गलाच जावं लागतं. महाराष्ट्रात किल्ले शेकड्यांनी आहेत, पण पाण्याशी असा खेळ करणारा दुसरा क्वचितच सापडेल.

किल्ला उभा आहे तो काळ्या पाषाणाच्या एका जिभेवर. बोरी नदीचा प्रवाह वळवून तो तटाच्या कडेनं असा फिरवला की नदीच खंदक झाली. समोरच्या टेकडीवर रणमंडळ हा उपदुर्ग आहे. मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांच्यामध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, दगडी धरण घातलं गेलं. त्यामुळे किल्ल्याला बारमाही पाणी मिळालं, शत्रूची एक बाजू बंद झाली आणि दोन किल्ल्यांमध्ये जायला वाट झाली. इतकं साधल्यावर कुठलाही लष्करी बांधकामवाला थांबला असता. इथले कारागीर थांबले नाहीत. त्यांनी धरणाच्या पोटात खोली काढली. तिचं नाव पाणी महाल.

धरणाला दोन सांडवे आहेत, नर आणि मादी. तलाव भरला की दोन्हींवरून पाणी खाली झेपावतं, आणि महालाच्या कमानीत बसलेल्या माणसाच्या समोर पाण्याचा पडदा पडतो. पाठीमागं तलावाचा सगळा भार, पुढं कोसळणारा प्रवाह, आणि मधल्या दगडी खोलीत बसणारा कोरडा. चारशे पावसाळे गेले, तरी चांगल्या पावसाच्या वर्षी हा देखावा आजही दिसतो आणि तो पाहायला गर्दी लोटते. इब्राहिम आदिलशहा संगीतवेडा राजा; ‘किताब-ए-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. अशा राजाच्या कारकिर्दीत धरणालाही बसायला सज्जा असावा, हे साजेसंच आहे. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर इतक्या मोलाची वास्तू आहे आणि कित्येक मोटारी तिच्याजवळून न थांबता निघून जातात, ही खंत करण्यासारखीच गोष्ट आहे.

या किल्ल्यात एका इंग्रज लेखकाचाही मुक्काम पडला होता. हैदराबादच्या निजामानं फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहानं काही मुलूख कंपनीकडे सोपवला, त्यात नळदुर्गचा जिल्हा होता. त्याचा कारभार आला फिलिप मेडोज टेलर यांच्याकडे. ‘ठगाची जबानी’ या नावानं मराठी वाचकांना ओळखीच्या असलेल्या कादंबरीचे ते लेखक. १८५७ पर्यंत ते इथं होते. त्यांच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नळदुर्ग किल्ल्याचं, नदीचं आणि धरणाचं जिव्हाळ्यानं केलेलं वर्णन आहे. १८६३ ची त्यांची ‘तारा’ ही कादंबरी तर तुळजापुरातच सुरू होते. १८६० मध्ये हा जिल्हा पुन्हा निजामाकडे गेला आणि पुढे सातव्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, झाला.

साहेबाचा दौरा म्हणजे तंबूतला संसार. थंडी पडली की अंमलदार गावोगाव हिंडत, तळ्याकाठच्या आमराईत राहुट्या पडत, सकाळी कचेरी आणि संध्याकाळी शिकार किंवा गळ. मद्रासचे सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी तर हिंदुस्थानातल्या तलावांत गळ कसा टाकावा, यावर १८८७ मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. आज ‘कॅम्पिंग’ म्हणून जे विकलं जातं, त्याची ठेवण बरीचशी या दौऱ्यातून आली आहे. पण त्या राहुटीखालची जमीन कोण झाडत होतं, सरपण कोण आणत होतं, हेही आठवायला हवं. हैदराबाद संस्थानात वेठबिगार होती. अंमलदाराचा मुक्काम पडला की गावावर गवताचा, लाकडांचा, कोंबड्यांचा भार पडे. ओझी वाहायला माणसं पकडली जात. साहेबाच्या निवांतपणाची किंमत गाव मोजत होतं.

नळदुर्गच्या पाण्यानं रणधुमाळीही पाहिली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरहून हैदराबाद संस्थानात शिरली, तेव्हा पहिली चकमक इथंच झाली. बोरीवरचा पूल उडवला जाण्याआधी ताब्यात घेणं ही त्या दिवसाची कळीची कामगिरी होती, आणि ती फत्ते झाली.

अंमलदारांच्या मुक्कामासाठी वेठीला धरल्या जाणाऱ्यांत भोई असत. पालखी वाहणं आणि मासे धरणं हे या समाजाचे दोन पिढीजात व्यवसाय, आणि या जिल्ह्याच्या पाण्याचं खरं ज्ञान त्यांच्याकडे होतं. डोह कुठं खोल आहे, मरळ कुठल्या लव्हाळ्यात पिलं सांभाळते, पहिल्या पुराला मासा कुठल्या ओढ्यानं वर चढतो, वाम दिवसा कुठल्या कपारीत दडते, हे त्यांच्या घरात बोलण्याबोलण्यात शिकलं जाई. ते लिहिलं गेलं नाही, तरी त्याचा एक अंश जगाच्या शास्त्रात जाऊन बसला आहे. विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्यानं १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी केली आणि भीमेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८३९ ते १८४१ या काळात लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकांत निबंध प्रसिद्ध केला. नव्या जातींना नावं देताना त्यानं इथल्या मासेमारांच्या तोंडची नावंच उचलली. म्हणून आजही शास्त्रात शिंगटीचं नाव ‘मिस्टस सीन्गटी’ आहे, आणि दख्खनच्या महासीरचं ‘टॉर खुद्री’. सीना आणि बोरी भीमेलाच मिळत असल्यानं हे मासे धाराशिवचेही. निबंधावर नाव सायक्सचं आहे. ज्यांनी जाळं ओढून एकेक मासा त्याच्यापुढं ठेवला आणि नाव सांगितलं, त्या भोयांची नावं कुठंही नाहीत.

आता धरणाकाठी बसलेल्या माणसाच्या गळाला जे लागतं, ते बहुतेक वेळा पाहुणं असतं. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. ते कोंडलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ ला ओडिशात संप्रेरकाची सुई देऊन अशा माशांचं प्रजनन घडवून दाखवलं, आणि मत्स्यबीज देशभर पोचवण्याची वाट मोकळी झाली. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली, ती आफ्रिकेची. या पाहुण्यांनी खूप पोटं भरली, हे खरं आहे. त्यांच्या गर्दीत देशी मासा मागं पडला, हेही तितकंच खरं. धाराशिवच्या एखाद्या ओढ्याच्या डोहात शिंगटी किंवा मरळ मिळाली, तर तिचं मोल चिलापीच्या पाटीहून मोठं मानावं.

पाहुण्या माशांना पाणी कुठून मिळालं? इथं जिल्ह्याच्या इतिहासातलं सगळ्यात कष्टाचं पान उघडावं लागतं. १९७२ चा दुष्काळ. पीक गेलं, विहिरी आटल्या आणि मराठवाड्यातली लाखो माणसं सरकारी कामांवर गेली. खडी फोडणं, रस्ते, नाल्यांचे बांध आणि पाझर तलाव. कामावर सुकडी मिळे. ती खाऊन बायका डोक्यावर मातीची पाटी घेऊन दिवसभर भरावावर चढत-उतरत. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि ही कामं पुढंही चालत राहिली. बालाघाटाच्या उतारावर आज जी लहान, नकाशात नाव नसलेली, बाभळींनी वेढलेली तळी दिसतात, त्यांतली कितीतरी या हातांनी खणलेली आहेत. मोटारीनं फिरणाऱ्याला ती निसर्गाचीच वाटतात. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजीला विचारलं, तर बांधाचा कुठला तुकडा कुठल्या वस्तीनं भरला, हे ती बोट दाखवून सांगते. शांतता हवी असणाऱ्यानं मोठ्या धरणांच्या आधी या पाझर तलावांकडे जावं, कारण गर्दी तिथं पोचत नाही.

मोठी धरणं त्यानंतरची. लोहारा तालुक्यात माकणीला निम्न तेरणा प्रकल्प झाला, परांड्याच्या बाजूला सीना-कोळेगाव. परांड्याचं नाव घेतलं की तिथल्या किल्ल्याची आठवण येतेच. विजापूरची प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ १६३२ मध्ये नेली ती इथूनच. ती ओढून नेणाऱ्या बैलांनाही वाटेत सीनेचंच पाणी लागलं असणार. माकणीच्या जलाशयाशी मात्र वेदनेचा धागा जोडलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला, हजारो माणसं गेली. जवळच्या जलाशयाच्या भाराचा त्यात काही वाटा होता का, यावर भूशास्त्रज्ञांनी बराच खल केला. त्या काठावर बसणाऱ्याला आजूबाजूची गावं एका आखणीची, रुंद रस्त्यांची दिसतील. ती भूकंपानंतर पुन्हा वसवलेली गावं आहेत.

शिवाय हे पाणी कायमचं नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. ती गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असं करत धाराशिव जिल्ह्यातून पुढं गेली. साधारण हीच वाट एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची. १८९७ मध्ये सुरू झालेली ती अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली होती. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यातली धरणं भेगाळलेल्या मैदानासारखी पडली होती. नंतर सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात सीनेला असा पूर आला की परांडा-भूम भागातली गावं आणि शेतं पाण्याखाली गेली. एकाच काठाची ही दोन रूपं ठाऊक असल्याशिवाय इथं तंबूची जागा निवडू नये. कोरड्या ओढ्याचं वाळूचं पात्र झोपायला मऊ लागतं. वर बालाघाटात पाऊस झाला, तर तिथं पाणी यायला वेळ लागत नाही. म्हणून धनगराचा वाडा नेहमी उंचवट्यावर बसतो, वाऱ्याची बाजू राखून. ज्या शेतात मेंढ्या बसवायच्या, त्याच्या मालकाशी तो आधी बोलणी करतो: रात्री किती, बदल्यात धान्य किती. रानात राहण्याचे जे नियम शहरी माणूस पुस्तकात शोधतो, ते या माणसाच्या रोजच्या वागण्यात आहेत.

मासे धरायचे तर बोलणी कुणाशी करायची, हेही ठरलेलं आहे. जलाशयांचा मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. मत्स्यबीज सोडण्याचा खर्च संस्था करते, रात्रीची राखण सभासद करतात, आणि पावसानं दगा दिला की तोटाही त्यांचाच. काठावर थर्मोकोलचा किंवा ट्यूबचा तराफा ओढून ठेवलेला दिसला, तर पाण्याला धनी आहे असं समजावं. विचारल्यावर गळाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. उलट मासा कुठं लागेल, हे सांगणारा माणूस मिळतो आणि संध्याकाळी झणझणीत कालवणासाठी ताजा मासा विकतही मिळतो. न विचारता जाळं टाकणं ही चोरी आहे.

ज्याला मासा नको आणि फक्त रान हवं, त्याच्यासाठी येडशी आहे. रामलिंग घाटाचं अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. घळीत रामलिंगाचं देऊळ, जटायूची कथा, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आणि वानरांचे कळप. डिसेंबर २०२४ मध्ये या एवढ्याशा जंगलात वनखात्याच्या कॅमेऱ्यासमोरून वाघ गेला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत तो आला होता. वाटेत कुठल्या तळ्यांवर, कुठल्या पाझर तलावांवर तो पाणी प्यायला, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण पाण्यापासून पाण्यापर्यंत असाच त्याचाही प्रवास झाला असणार. अभयारण्यात तंबू ठोकायचा विचार वनखात्याच्या परवानगीशिवाय करू नये. दिवसा दर्शन घेऊन रात्री गावात मुक्काम करावा, हे बरं.

आणि तुळजापूर? नवरात्रात आणि कोजागरीला तिथं निवांतपणा मागू नये. सोलापूरकडून रात्रभर चालत येणाऱ्यांनी रस्ते फुललेले असतात, आणि तो पायी मुक्काम अनुभवण्याजोगा आहे. एरवी गावाजवळचा रामदरा तलाव शांत असतो. कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजनेतून कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी उजनीहून टप्प्याटप्प्यानं चढवून या रामदऱ्यात आणायचं आहे. त्यासाठी बोगदे, पंपगृहं आणि नळवाहिन्यांचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. ते पाणी नियमित येऊ लागलं की तिथं मत्स्यबीज सुटेल, ठेका निघेल, काठावर हॉटेलं आणि तंबूंच्या वसाहती उभ्या राहतील. त्या काठाचा नकाशा आखताना मासेमारांच्या तराफ्यांना, यात्रेकरूंच्या चुलींना आणि धनगरांच्या कळपांना उतरायला जागा राखून ठेवण्याचं काम आत्ताच, पाणी पोचण्याआधी, करायला हवं.